मिसेस 'प्रवासी' नाहीत, क्रू आहेत (मार्टिनिक ते ग्रेनाडा, दोघांनी बोटीने)

कॅरिबियनमधल्या मार्टिनिकहून भाड्याची शिडाची बोट घेऊन तीन आठवड्यांत ग्रेनाडा गाठायचं, दोघंच जाणार, कुठे मुक्काम करू आणि किती फुटांची बोट घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मुक्कामांबद्दल वर चांगली उत्तरं आलीच आहेत. माझं लक्ष अडकलं ते तुमच्या शेवटच्या ओळीवर: "बोट मी चालवणार, मिसेस फक्त प्रवासी म्हणून सोबत." हे वाक्य मी आधी वाचलंय. एका सरकारी फॉर्मवर, माझ्या नवऱ्याच्या अक्षरात.

शीड कधी आखडायचं, साखळी किती सोडायची, हे तुम्हाला येत असणारच, त्यात जात नाही. थेट फॉर्मवरच येते.

2018 चा फेब्रुवारी. आम्हीही दोघंच, 38 फुटी बोट. बेटाच्या आडोशाला असेपर्यंत सगळं गोड असतं. दोन बेटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात शिरलात की वारा 25 नॉटच्या घरात आणि डावीकडून थेट अटलांटिकच्या लाटा. त्या दिवशी नवऱ्याला बोट लागली (हे त्याला विचारूनच लिहितेय). तो खाली बादली धरून पडलेला आणि जवळजवळ सहा तास सुकाणूवर मी. दुपारी तीनच्या सुमारास नांगर टाकला, पिवळं निशाण चढवलं (म्हणजे या देशात शिरायचे कागद अजून व्हायचेत). बेटाचं नाव सांगत नाही, ऑफिसचंही नाही.

नियम असा, की कागद होईपर्यंत किनाऱ्यावर फक्त कॅप्टनने जायचं, बाकीच्यांनी बोटीवर थांबायचं. त्यामुळे पासपोर्ट, बोटीचे कागद आणि मागच्या बंदराचा बाहेर पडल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून नवरा डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून गेला. शुक्रवार होता. तासाभराने परत आला तेव्हा पिशवीत बाकी सगळं होतं, माझा पासपोर्ट नव्हता.

झालं होतं असं. क्रूच्या यादीत दोन ओळी. पहिलीत त्याचं नाव, पुढे 'कॅप्टन'. दुसरीत माझं, पुढे 'प्रवासी'. का, तर "क्रू म्हणजे पगारी माणूस ना? तुला कुठे पगार आहे?" हे त्याने मला ऐकवलं तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आलेले होते. असो.

तिथल्या साहेबांचं म्हणणं, प्रवासी म्हणजे विमानातून उतरलेल्या माणसासारखाच, देशाबाहेर जायचं तिकीट दाखवा. माझं तिकीट होतं, पण ते शेवटच्या बेटावरून, दुसऱ्या देशातून. इथून बोटीनेच जाणार म्हटलं, तर "बोटीने क्रू जातो." मग यादी दुरुस्त करून देतो म्हटलं, तर मागच्या बंदराच्या दाखल्यावरही 'क्रू 1, प्रवासी 1' असंच लिहून शिक्का मारलेला. कारण तिथेही फॉर्म याच गृहस्थांनी भरला होता. म्हणजे इथे 2 आणि 0 लिहावं तर आकडे जुळत नाहीत, 1 आणि 1 ठेवावं तर तिकीट हवं. त्यात चार वाजले आणि खिडकी बंद झाली.

शनिवारी ऑफिस उघडं होतं. जादा वेळेचं शुल्क घेतलं, पावती फाडून दिली आणि मग सांगितलं, की हा निर्णय ज्यांच्या हातात आहे त्या बाई सोमवारी येतील. मग पैसे कशाचे घेतले? खिडकी उघडल्याचे! नियम कडक असला तर माझी हरकत नाही, त्यांचा देश आहे. पण "हे माझ्या हातात नाही" एवढं वाक्य पावती फाडायच्या आधीही बोलता येतं.

तीन रात्री मी त्या बोटीवर. उत्तरेकडून लाटा वळून आत येत होत्या, बोट सारखी आडवी हेलकावत होती, मग झोप कसली. किनारा दीडशे मीटरवर, लोक पोहताना दिसायचे, सकाळी पाव भाजल्याचा वास यायचा. रविवारी रात्री धीर सुटला आणि डगमगत्या सिग्नलवर मिळेल ते तिकीट काढलं. त्याचे निम्मेही पैसे परत आले नाहीत. आणि वापरावंही लागलं नाही!

कारण सोमवारी त्या बाई आल्या. माझा पासपोर्ट उघडला, यादी पाहिली आणि नवऱ्याला एकच विचारलं, "नांगर कोण टाकतं?" तो म्हणाला, "ही." बाईंनी 'प्रवासी'वर रेघ मारली, वर 'क्रू' लिहिलं, बाजूला छोटी सही, शिक्का. दहा मिनिटं लागली नसतील. तीन दिवस गेले आणि त्यात आमचं टोबॅगो केज, म्हणजे वाटेतली प्रवाळातली छोटी बेटं, राहून गेलं. ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता तेच. ते पाहिलं पुढे 2023 मध्ये.

म्हणून सांगते, भाड्याची बोट असली तरी कॅप्टन सोडून बोटीवर जो कोणी दोरी ओढतो, नांगर टाकतो, रात्री उठून बोट सरकली का बघतो, त्याला क्रूच लिहा. पगाराचा संबंध नाही. (खरंच पैसे देऊन येणारे पाहुणे असतील तर गोष्ट वेगळी, तिथे खोटं लिहू नका.) पहिल्याच बंदरात बरोबर लिहा, कारण पुढचं प्रत्येक बंदर मागच्याचा दाखला मागतं. हल्ली या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी सेलक्लिअर या वेबसाइटवर माहिती आधी ऑनलाइन भरता येते. सोयीचं आहे, पण एकदा भरलेली यादी तिथे जपून राहते, म्हणजे चूक आपोआप पुढच्या बेटावर जाते. आणि शुक्रवारी दुपारी कुठेही पोहोचू नका. हे माझं ठाम मत आहे, नवऱ्याला अजून अतिरेक वाटतो.

मी वकील नाही, एजंट नाही. एका बोटीचा अनुभव आहे, नियम बदलतात, त्या त्या देशाचं ताजं बघूनच निघा. विशेषतः 1 जुलै 2024 च्या बेरिल वादळाने याच वाटेवरच्या कारियाकू आणि युनियन बेटांची अक्षरशः दैना केली. त्याआधीच्या माहितीत धक्का, ऑफिस, दुकान जिथे लिहिलंय तिथे ते सापडेलच असं धरून चालू नका. माझी माहितीही त्याआधीचीच आहे. आणखी एक, तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर मार्टिनिक फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. बोट ठरवायच्या आधी हे मिटवा.

आता सुटं सुटं, आठवेल तसं. तिकडे बोयांचे (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) रंग उलटे: समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया उजवीकडे ठेवायचा. भारतात किंवा युरोपात शिकला असाल तर हात सवयीने चुकीकडे वळतो. पहिले दोन दिवस आम्ही सुकाणूपाशी लाल चिंधी बांधली होती, उजव्या बाजूला. टोबॅगो केजमध्ये ऊन डोक्यावर असतानाच शिरा, साधारण दहा ते दोन. पोलराइज्ड चष्मा लावून एकाने पुढच्या टोकावर उभं राहायचं. तपकिरी दिसलं की प्रवाळ, तिकडे जायचं नाही. ढग आला तर सगळं एकाच रंगाचं होतं, तेव्हा थांबा. रात्री डिंगी पाण्यात सोडू नका, वर उचलून कुलूप लावा. इंजिनासकट जाते. ग्रेनाडाच्या उत्तरेला किक-एम-जेनी हा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. शांत असला तरी त्याच्याभोवती दीड किलोमीटर जायला मनाई असते आणि जागा झाला की पाच. निघायच्या सकाळी त्याची स्थिती बघायची.

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताय हे उत्तम. ईशान्येचा वारा बाजूने किंवा मागून मिळतो. उलट जाणाऱ्यांची तोंडं बघा वाटेत.

राहिली बोट. दोघांना 38 ते 40 फूट पुरे. एक की दोन सांगाड्यांची यावर आमच्याकडे अजून भांडण आहे. नवरा कटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची म्हणतो, कमी हलते म्हणून. मला साधी एका सांगाड्याचीच आवडते. तुमच्यापैकी बोट कोणाला लागते ते आधी ठरवा.