सहाव्या महिन्यात पुण्यात दोन दिवस: यादी अर्धी करा, मग या

तुमची यादी वाचली. शनिवारी पहाटे गाडीने निघून सिंहगड, दुपारी मिसळ, मग शनिवारवाडा, पर्वतीवरून सूर्यास्त, रात्री तुळशीबाग. रविवारी केळकर म्युझियम, लक्ष्मी रोड, कॅम्प आणि परत परळ. आणि खाली लिहिलंय की बायकोला २२वा आठवडा लागलाय, पहिलंच आहे, तिला जरा चेंज मिळावा म्हणून विचारतोय. अहो, एवढं तर आम्ही पुणेकरही फिरत नाही, आमच्यातल्या निम्म्यांनी शनिवारवाडा शेवटचा बघितला तो शाळेच्या सहलीत.

माझी दोन्ही बाळंतपणं पुण्यातच झाली आणि नंतर नणंद, भाचेसुना, मैत्रिणी अशा कितीतरी जणी पोटुशी असताना आमच्याकडे राहून गेल्या, त्यावरून सांगते. दिवसाला एकच ठिकाण ठरवा. बाकी वेळ झोप, खाणं आणि दोघांनी निवांत गप्पा मारणं, कारण पुढची दोन-तीन वर्षं नेमकं तेच मिळणार नाहीये.

आधी डॉक्टरांना विचारा, ही फॉर्मॅलिटी नाही. साधारण १८ ते २२ आठवड्यांत जी मोठी सोनोग्राफी होते ती झालेली असू दे, प्लासेंटा खाली आहे, बीपी वाढलंय, मधे कधी ब्लीडिंग झालंय असं काही असेल तर पुणं कुठे पळून जात नाही. सगळं नॉर्मल असेल तर हा मधला काळ प्रवासाला सगळ्यात बरा, उलट्या थांबलेल्या असतात आणि पोटही फार जड झालेलं नसतं. फाइल बरोबर ठेवा, त्यात ब्लड ग्रुप आणि शेवटचा रिपोर्ट हवाच. ब्लीडिंग, अंगावरून पाणी जाणं, पोट सारखं कडक होणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे धूसर होणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल, वाहन नसेल तर १०८.

आता प्रवास. शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेने येऊ नका, मुंबईतले सगळे तेव्हाच निघतात आणि खंडाळ्याच्या घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. बाकी कोणाला त्याचं एवढं काही नाही, पण हिला दर पाऊण तासाला बाथरूमला जायचं असणार आणि खालापूरचा फूडमॉल मागे पडलेला असणार. त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन घ्या, सीएसएमटीहूनच बसा, साडेआठच्या सुमारास पुण्यात. गाडीत डायनिंग कार आहे, टेबलखुर्चीवर बसून गरम ऑम्लेट नाहीतर चीज टोस्ट खायचं, मजा येते. फक्त एक, कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात तेव्हा कधीकधी हिसका बसतो, त्या वेळेला तिला पॅसेजमधे किंवा टॉयलेटमधे उभी राहू देऊ नका. एरवी तासाभराने उठून चार पावलं चालायचंच, एका जागी बसून पाय सुजतात आणि रक्ताची गुठळी व्हायचा धोका या दिवसांत जास्त असतो. गाडीनेच यायचं असेल तर सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून मांड्यांवर, आणि वरचा छातीच्या मधून.

हॉटेल डेक्कन, आपटे रोड, जेएम रोड या भागात बघा. लिफ्ट आहे का आणि शेजारी मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का, हे दोन्ही फोन करून विचारा, लग्नसराईत रात्रभर बँड ऐकत बसाल. गणपतीचे दहा दिवस तर टाळाच. डेक्कनला राहण्याचा फायदा म्हणजे वनाझ-रामवाडी मेट्रो, तीच पुणे स्टेशनला जाते, म्हणजे रिक्षातून खड्डे आणि स्पीडब्रेकर मोजायला नकोत (आमचे स्पीडब्रेकर बघाल तर कळेल मी का बोलते). २२व्या आठवड्यात पोट कधीकधी फारसं दिसत नाही त्यामुळे आपणहून कोणी जागा देत नाही, सरळ मागायची, लाजायचं नाही.

सिंहगड, पर्वती, केळकर म्युझियम यादीतून काटा. पर्वतीला शंभरच्या वर पायऱ्या आहेत. केळकरांचे दिवे आणि अडकित्ते बघण्यासारखेच आहेत, पण जिने चढत उभ्या उभ्या बघायचे, ते बाळ चालायला लागलं की या. शनिवारी सकाळी नाश्त्याला वैशाली हॉटेलात आठच्या आत पोचा, नंतर बाहेर ताटकळत उभं राहावं लागतं. मग जेएम रोडवरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं, भर रस्त्याला लागून आहे आणि आत गेलं की हॉर्न ऐकू येत नाहीत. थोड्या पायऱ्या उतरून गेलात की समोर गोल छताचा नंदीमंडप, तोही त्याच दगडातला, आणि मे महिन्यातही खांबाला पाठ लावली तर गार लागतं. तिथे बसा तासभर, कोणी उठवत नाही. नंतर श्रेयसची किंवा दुर्वांकुरची थाळी, आणि मग एक ते चार झोप. आमच्या एक ते चारची चेष्टा करता ना सगळे, आता उपयोग करून घ्या.

मिसळ चालेल का विचारलंय. चालेल, मटकी शिजलेली असते, पण तर्री कमी आणि रात्री नको, ॲसिडिटी तिला होणार आहे, तुम्हाला नाही. पाणीपुरी, कच्चे मोड आणि रस्त्यावरचा बर्फ नको. शुगर नॉर्मल असेल तर मस्तानी बिनधास्त.

रविवारी आगाखान पॅलेस. डेक्कनहून मेट्रो न बदलता कल्याणीनगर, पुढे जवळच. १८९२ची वास्तू, मोठी झाडं, सपाट रस्ता, बसायला भरपूर जागा. १९४२ ते ४४ गांधीजी इथे नजरकैदेत होते, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई इथेच गेले, मागे समाध्या आहेत. आता तुमची आई म्हणेल गरोदर बाईला समाधीला कशाला नेलंस, तर तेवढं सांगू नका. बाकी प्रवासाचं मात्र निघायच्या आधी सांगा, पुण्यात पोचल्यावर "आम्ही इथे आहोत" असा फोन केलात तर त्याचं उट्टं डोहाळजेवणापर्यंत निघेल आणि ते सगळं हिच्यावर निघेल. बाळाचे कपडे आधी घ्यायचे नाहीत असं घरी मानत असतील तर तुळशीबागेत झबली-टोपडी बघून या नुसती, पण शनिवारी सकाळी अकराला, संध्याकाळी तिथे कोपर लागल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणजे मग पाताळेश्वर रद्द, दोन्ही नाही.

आणि शनिवारी रात्री तिला हवं असेल तर बालगंधर्वला नाटक. तिकीट आधी काढा, मधली सीट घेऊ नका, दाराजवळची कडेची मागा, आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत तुम्ही उभे राहा, तिला दुसऱ्या रांगेत जायचं असेल.