पहिल्याच मध्यस्थीला बसतोयस तर

अरे, आधी वेळ बघ. मे महिन्यात दुपारी दोनची बैठक ठेवू नकोस. नागपूरच्या उन्हातून आलेला माणूस तडजोडीला नाही, भांडायलाच बसतो.

इतवारीतल्या दोन सख्ख्या भावांचा दुकानाचा वाद माझ्याकडे होता. तीन बैठका हिश्शाच्या टक्क्यांवरच अडल्या. चौथ्यांदा थोरल्याला एकट्याला बसवलं, चहा दिला, गप्प राहिलो. मग निघालं: वडिलांची तेरवी व्हायच्या आतच धाकट्याने न विचारता शटर उघडलं होतं. बस्स, एवढंच! पण असं खासगीत ऐकलेलं त्याच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगायचं नाही. मी परवानगी घेतली, मगच बोललो.

निकाल तू द्यायचा नाहीस, तो लवादाचा, म्हणजे वाद ऐकून निवाडा देणाऱ्याचा, प्रांत. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याने त्याचा निवाडा बंधनकारक. त्याच कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात आव्हानाला ३ महिने, वर फार तर ३० दिवस. व्यापारी दाव्यात कोर्टाकडून तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्या आधी मध्यस्थी सक्तीची.

मसुद्यात रक्कम, तारीख, चावी कोणाकडे, सगळं लिही. सहीआधी मराठीत मोठ्याने वाचून दाखव. धाकट्याने तिथेच थांबवून गोदामाच्या दुसऱ्या किल्लीची आठवण करून दिली होती.