हप्त्याचं नंतर बघू, आधी मुलाला डॉक्टरांकडे न्या

बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. मुलाच्या नावानं त्यांनी एक पॉलिसी घेतली आहे: दहा वर्षं दरवर्षी 1,20,000 भरायचे, बाराव्या वर्षापासून 25 वर्षं मुलाला दरसाल 84,000 मिळणार आणि शेवटी भरलेले 12 लाख परत. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की हप्ता दरवर्षी भरावा, की क्रेडिट सोसायटीतल्या 9 लाखांच्या ठेवी मोडून एकरकमीची पॉलिसी करून घ्यावी? मुलगा 21 वर्षांचा. पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, गेल्या वर्षी गणपतीला घरी आला तो परत गेलाच नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं, सात महिने औषध चाललं. तो पुढे कमावेल असं वाटत नाही, म्हणून ही आयुष्यभराची सोय.

पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी दोन वाक्यं आहेत. पहिलं: "गोळ्या महिन्यापूर्वी बंद केल्या, सवय लागते म्हणतात, शिवाय हप्ता सुरू झाल्यावर दोन्ही झेपणार नाही." दुसरं: "पोराला आता पैशाची जाण आली आहे. परवा म्हणाला, बाबा, माझ्यावर खर्च करू नका, मी नसतो तर ताईचं लग्न कधीच झालं असतं."

नमस्कार. हप्त्याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देते. आधी हे दुसरं वाक्य.

याला पैशाची जाण म्हणू नका. हे त्याचा आजार बोलतो आहे, आणि हे बोलणं धोक्याचं आहे. नैराश्यातला माणूस स्वतःला घरावरचं ओझं समजायला लागला की घरच्यांनी त्याच दिवशी हलायचं असतं. आज संध्याकाळी वर्कशॉप लवकर बंद करा, त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती बहुतेक आईबापांना असते. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं सोसलेलं बोलायला त्याला वाट मिळते. तो हो म्हणाला किंवा नुसता गप्प राहिला, तरी रागावू नका, शपथा घालू नका, आईच्या डोळ्यातलं पाणी दाखवू नका. त्याला एकटं ठेवू नका, घरातली सगळी औषधं आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात घाला, आणि लगेच डॉक्टर गाठा. रात्र असेल, डॉक्टर भेटत नसतील, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.

आता गोळ्या. मी डॉक्टर नाही, पण जे कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ तुम्हाला सांगेल तेवढं सांगते. नैराश्यावर नेहमी दिली जाणारी औषधं व्यसन लावणारी नसतात. ती अचानक तोडली तर मात्र चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो, आणि आजार उलटायची भीती असते. असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने तरी ती चालू ठेवायला सांगतात. शिल्लक पाकीट काढून स्वतःच परत सुरू करू नका. कधी, किती मात्रेनं, हे डॉक्टरच ठरवतील. "दिवाळीपर्यंत बरा झाला तर ठीक," असंही तुम्ही लिहिलंय. या आजाराला दिवाळीची मुदत घालता येत नाही. आणि घातलेली मुदत मुलाला कळते. ती टळली की तो स्वतःलाच दोष देतो.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्याच वहीतले आकडे मांडते. "मुलाच्या आजारावर 1,86,000 गेले," असं तुम्ही म्हणता. त्यातले 1,05,000 कॉलेज आणि हॉस्टेलचे. 32,000 ग्रहशांती आणि देवदेव करत फिरण्याचे. 28,000 एका सात दिवसांच्या शिबिराचे, जिथं मुलाला पहाटे चारला उठवून "नकारात्मक विचार सोड" असं सांगितलं गेलं. डॉक्टर, तपासण्या आणि औषधं यांचे फक्त 21,000. म्हणजे सात महिन्यांत महिन्याला तीन हजार. ज्या खर्चानं तो सावरू शकतो तो सगळ्यात लहान आहे, आणि तुम्ही नेमका तोच कापलात.

ती वही वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवा. घरात उघड्यावर असलेला हा हिशोब तो रोज वाचत असणार.

यापुढे औषध 1,200, डॉक्टर 600, महिन्यातून दोनदा समुपदेशन 1,600, जाणंयेणं धरून 4,000 महिन्याला. वर्षाला पन्नास हजारांच्या आत. तुमची महिन्याची प्राप्ती 60,000, घरखर्च 38,000, उरतात 22,000. पैसा कमी नाही, तो चुकीच्या ठिकाणी बांधायला निघाला आहात. हेही जड वाटलं तर बेळगावातच बिम्सच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि 75 किलोमीटरवर धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. धारवाडचं नाव काढलं की आपल्याकडे अजून लोक दचकतात. तिथलं मनोरुग्णालय 1845 सालचं, त्यामुळे दोनचार पिढ्यांची भीती त्या नावाला चिकटली आहे. आज तिथं बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळच्या बसनं घरी परत येता येतं. औषधं जनऔषधी केंद्रात मिळतात का तेही डॉक्टरांना विचारा, बिल बरंच खाली येईल.

आता पॉलिसी. एजंटनं सांगितलं, "12 लाख भरा, 33 लाख घ्या." वर्षं धरून हिशोब केला तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. हेच 1,20,000 दरवर्षी पीपीएफ या सरकारी बचत योजनेत गेले तर आजच्या 7.1 टक्क्यांनी दहा वर्षांत जवळपास 18 लाख होतात, आणि त्यावर सात टक्क्यांनी मुद्दलाला हात न लावता वर्षाला सव्वा लाख निघतात. तुम्हाला 84,000 मिळणार, तेही बाराव्या वर्षी. महिन्याला 7,000. सहा टक्के महागाई धरली तर आजच्या किमतीत साडेतीन हजार. याला आयुष्यभराची सोय म्हणून विकणाऱ्याचा मला राग येतो. आजारी मुलाच्या बापाची भीती दिसली की अशी माणसं फॉर्म घेऊन दारात हजर होतात.

त्या फॉर्मवर त्यानं आजाराचा रकाना "नाही" असा भरायला लावला. "डिप्रेशन म्हणजे काय आजार नव्हे," हे त्याचे शब्द. सही मात्र तुमच्या मुलाची आहे. खोटी माहिती म्हणून विमा कायद्याच्या कलम 45 खाली पहिली तीन वर्षं कंपनी ही पॉलिसी नाकारू शकते. त्याहून मला खटकतं ते वेगळंच: आजार लपवायचा असतो, हे बापानं मुलाला सहीनिशी शिकवलं. आणि मुळात त्याच्या आयुष्याचा विमा कशाला? त्याच्या कमाईवर घरात कोणी अवलंबून नाही. घर तुमच्यावर चालतं आणि तुमच्या नावावर टर्म विमा, म्हणजे मुदतीत काही बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, नाही. बावन्नाव्या वर्षी हप्ता जड जाईल, तरी साठीपर्यंतचा साधा टर्म घ्या, आणि त्या फॉर्मवर सगळं खरं लिहा.

तोच एजंट तुमचा 2019 पासूनचा 5 लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्य विमा, बंद करून दुसऱ्या कंपनीत न्यायला सांगतो आहे. अजिबात करू नका. मुलाचा आजार पॉलिसीनंतर सुरू झाला, त्यामुळे या कंपनीकडे तो आधीपासूनचा धरला जाऊ नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. उद्या रुग्णालयात ठेवायची वेळ आली तर हीच पॉलिसी उपयोगी पडेल. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च बहुधा मिळणार नाही, तो वरच्या चार हजारांत धरलाच आहे. नव्या ठिकाणी ताजी पॉलिसी घेतली तर तोच आजार आधीपासूनचा ठरतो आणि तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बहुतेक फ्लोटरमध्ये मुलं 25 वर्षांपर्यंत राहतात. त्याआधी त्याच कंपनीत त्याची स्वतंत्र पॉलिसी करून घ्या, म्हणजे मधली वर्षं वाया जात नाहीत.

सोसायटीतले 9 लाख पॉलिसीसाठी मोडू नका, पण तिथं सगळे ठेवूही नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. दहा टक्के व्याजाच्या मोहात सीमाभागातल्या किती घरांनी हात पोळून घेतले, हे तुम्हीच मला सांगाल. पहिली ठेव पिकेल तेव्हा अडीच लाख, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च आणि उपचार, बँकेत मुदत ठेवीत ठेवा. उरलेलं हळूहळू दोन बँकांत हलवा.

तीन गुंठे विकून त्याला मोबाइलचं दुकान काढून देण्याचा विचार या वर्षी सोडा. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं अवघड जातंय त्याच्या गळ्यात गाळ्याचं भाडं बांधू नका. कॉलेजचा प्रवेशही रद्द करू नका. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून वर्षाची सूट मिळते का, ते लेखी विचारा. 21 वर्षांच्या मुलाच्या सगळ्यात वाईट वर्षावरून त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल तुम्ही लावून टाकला आहे. नैराश्यातून बरी झालेली, कामाला लागलेली माणसं तुमच्या उद्यमबागेतही असतील. ती सांगत नाहीत, एवढंच.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वार्षिक नको, एकरकमीही नको. पॉलिसीची कागदपत्रं हातात येऊन 12 दिवस झालेत असं तुम्ही लिहिलंय. मिळाल्यापासून 30 दिवसांत ती कारण न देताही परत करता येते. थोडं मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. एजंटच्या हाती अर्ज देऊ नका, तो "बघतो" म्हणत महिना घालवेल. मूळ पॉलिसी, अर्ज आणि बँकेचा रद्द केलेला चेक घेऊन स्वतः कंपनीच्या शाखेत जा, शिक्क्यासह पोच घ्या, त्याच दिवशी ईमेलही करा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. डॉक्टरांकडे आधी जा, शाखेत त्यानंतरच्या दिवशी.