जुन्या ४०७ चे डेंटिंग-पेंटिंग घरी: बचत नेमकी किती?

घणसोली गावठाणातील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या नावावरून स्वतःच्या नावावर करून घेतलेली २०१२ ची टाटा ४०७ ते स्वतः चालवतात. पहाटे तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारातून माल भरायचा, ठाण्यात जांभळी नाक्यापर्यंत पोहोचवायचा आणि दुपारी एकपर्यंत घरी परतायचे, असा त्यांचा दिनक्रम आहे. डिझेल आणि हमाली वजा जाता दिवसाला साधारण १,८०० रुपये उरतात व महिन्याचे पंचवीस दिवस काम मिळते. केबिनचे पत्रे गंजले आहेत, हौद्याच्या (मागच्या, माल भरायच्या भागाच्या) फाळक्यांचा रंग उडाला आहे आणि फेब्रुवारीत, म्हणजे चार महिन्यांनी, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणारी फिटनेस तपासणी आहे. कळंबोलीच्या एका गॅरेजने ८५,००० रुपये अधिक जीएसटी असे कोटेशन दिले असून गाडी दहा दिवस ठेवावी लागेल असे सांगितले आहे. त्याऐवजी १४,००० चा कॉम्प्रेसर व स्प्रे गन, ३,००० चा ग्राइंडर आणि १५,००० चे सामान आणून घराच्या अंगणातच हे काम दोन आठवड्यांत उरकावे, त्यासाठी दीड लाखाच्या मुदत ठेवीतून पैसे काढावेत, असा त्यांचा विचार आहे. हे काम त्यांनी पूर्वी कधी केलेले नाही.

आपण ३२,००० ची तुलना ८५,००० शी करत आहात आणि त्रेपन्न हजार वाचतील असे धरून चालला आहात. या दोन्ही आकड्यांत काही गोष्टी राहून गेल्या आहेत. गॅरेजच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५,३०० रुपये, चढेल. आपली जीएसटी नोंदणी नसल्यामुळे तो परत मिळणार नाही. शिवाय दहा दिवस गाडी उभी राहिल्याने १८,००० रुपयांचे उत्पन्न बुडेल. गॅरेजचा खरा खर्च अशा रीतीने १,१८,३०० रुपयांवर जातो.

आता आपला आकडा. केबिनच्या फरशीला आणि दोन्ही दारांच्या खालच्या कडांना भोके पडली आहेत, असे आपणच लिहिले आहे. तेथे पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. वेल्डिंग मशीन आपल्याकडे नाही, आणि डिझेलच्या टाकीजवळ पहिल्यांदाच वेल्डिंग शिकण्याची ही जागाही नव्हे. गॅरेजच्या कोटेशनमध्ये या ठोकाठोकीचे आणि वेल्डिंगचे १८,००० रुपये आहेत, ते जीएसटीसह २१,२४० होतात. पॉलिश पेपर, मास्किंग टेप, धुण्याचा थिनर, चांगला मास्क आणि रिफ्लेक्टर पट्टी यांचे किमान ८,००० धरा. म्हणजे गाडी एकही दिवस उभी न ठेवता आपला खर्च ६१,२४० रुपये झाला. दिवसांचेही तसेच आहे. जे काम गॅरेजमधली दोन-तीन सरावलेली माणसे दहा दिवसांत करतात, त्याला एकट्या नवशिक्याला पंचवीस दिवस लागतील, हा अंदाज मी हात सैल सोडूनच केला आहे. त्याचे ४५,००० मिळवले की बेरीज १,०६,२४० होते. गॅरेजपेक्षा जेमतेम बारा हजार रुपये कमी, आणि तेही रंग पहिल्याच फटक्यात नीट बसला तर. रंग ओघळला किंवा फुगला, तर पेंटर आधी तो खरवडून काढण्याचे पैसे घेईल आणि मगच पुढचे बोलेल.

येथपर्यंत वाचून गाडी सरळ गॅरेजला द्यावी असे आपणास वाटेल, परंतु माझा सल्ला तसा नाही. आपण सोबत पाठवलेल्या कोटेशनची फोड पाहा: वेल्डिंग व ठोकाठोक १८,०००, रंगापूर्वीच्या तयारीची मजुरी ३१,०००, सामान २०,००० आणि फवारणी १६,०००. यातील सर्वांत मोठी रक्कम ज्या कामाची आहे, तेच काम नवशिक्याला शिकता येण्याजोगे आहे, कारण त्यात कौशल्यापेक्षा वेळ आणि चिकाटी अधिक लागते. शिवाय ते तुकड्यातुकड्याने होते, त्यामुळे दुपारी गाडी परतल्यावर करता येते. फवारणीला मात्र संपूर्ण गाडी झाकून, धूळ नसलेल्या जागी सलग उभी ठेवावी लागते. म्हणून तयारी आपण करावी आणि वेल्डिंग, सामान व फवारणी गॅरेजकडून विकत घ्यावी. तिन्हींचे ५४,००० अधिक ९,७२० जीएसटी मिळून ६३,७२० होतात. ग्राइंडर आणि किरकोळ सामानाचे ९,००० धरले की रोख खर्च ७२,७२० येतो. गाडी फार तर पाच दिवस उभी राहील, त्याचे ९,००० मिळवल्यास एकूण ८१,७२० होतात. गॅरेजपेक्षा हे ३६,५८० ने स्वस्त आहे. सगळेच काम दुपारी-दुपारी घरी करून गाडी केवळ आठ दिवस उभी ठेवली, तर आपला हिशेब ७५,६४० वर येतो. म्हणजे फवारणी स्वतः करून फार तर सहा हजार वाचतात, आणि तेही रंग बिघडला नाही तरच.

कॉम्प्रेसरचा विचार सोडून द्यावा, असे मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. हार्डनर मिसळून मारायच्या आजच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगांत आयसोसायनेट हे रसायन असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुन्हा त्या रंगाच्या आसपासही फिरकता येत नाही. कापडी मास्क तेथे निरुपयोगी आहे आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क घरगुती कामासाठी कोणी घेत नाही. गावठाणात घराला घर लागून असते, तेव्हा हा फवारा शेजाऱ्यांच्या ओट्यावरही जाईल. जुना रंग घासतानाही काळजी घ्यावी: त्यात शिसे असू शकते, म्हणून कोरडी धूळ उडू न देता पाणी लावून घासावे, एन-९५ मास्क वापरावा आणि लहान मुलांना तेथे येऊ देऊ नये.

तयारीचे काम नीट झाले तरच वरील हिशेब खरा ठरेल, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. सुरुवात केबिनमधील रबरी मॅट उचलून करावी. चिखल आणि भाजीचे पाणी तिच्याखाली मुरते आणि पत्रा आतून खातो. बॅटरीचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा, काचेच्या रबराखालची खाच आणि मडगार्डची दुमडलेली कड या बाकीच्या जागा. प्रत्येक ठिकाणी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले तर तेथे खडूने खूण करावी. ती जागा वेल्डरची आहे, पुट्टीची नाही. गंजलेल्या भोकावर पुट्टी थापून वर रंग मारला, तर पहिल्या पावसाळ्यात ती पापुद्र्यासारखी सुटते, आणि ते पैसे पाण्यात गेले असे समजावे. जेथे पत्रा शाबूत आहे तेथे ग्राइंडरला वायर कप लावून गंज पूर्ण काढावा, ८० नंबरच्या पेपरने घासावे, थिनरने पुसावे आणि त्याच दिवशी ब्रशने एपॉक्सी प्रायमर लावून टाकावा. खाडीच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून एका दुपारी जेवढा भाग खरवडून बंद करता येईल तेवढाच उघडावा. एका दिवशी एक दार, दुसऱ्या दिवशी एक मडगार्ड असे धरले, तर गाडी दुसऱ्या पहाटे बाजाराला जाऊ शकते, आणि हाच या बेताचा सगळा आर्थिक लाभ आहे.

पॉलिएस्टर पुट्टी तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरू नये. ती पाणी शोषते, त्यामुळे उघडी पुट्टी घेऊन गाडी रस्त्यावर काढू नये. पुट्टीचे काम शेवटच्या, गाडी उभी ठेवायच्या दिवसांतच घ्यावे. पेपर बोटांनी न धरता लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा, नाहीतर बोटांच्या रेषा चकचकीत रंगाखाली उठून दिसतात. हे शिकायला पहिली फाळकी हौद्याची निवडावी. केबिनच्या दारावर हात बसवायला जाऊ नये.

गॅरेजशी बोलताना एक अडचण येईल, तिची तयारी ठेवा. दुसऱ्याने केलेल्या तयारीवर रंग मारायला पेंटर नाखूश असतो. उद्या रंग उडाला तर तो "खालचे काम माझे नव्हते" म्हणून मोकळा होतो आणि त्यात त्याचे फारसे चुकतही नाही. म्हणून फवारणीपूर्वी पेंटरने गाडी पाहावी, जेथे हात फिरवायचा असेल तेथे स्वतः फिरवावा, त्याची जादा मजुरी आधीच ठरवावी आणि बिलावर काय-काय केले ते लिहून घ्यावे. गॅरेजने कोटेशन फोडून द्यायला नकार दिला तर तुर्भे किंवा रबाळे परिसरात आणखी दोन ठिकाणी विचारा. वेल्डिंग आणि फवारणी दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाली तरी बिघडत नाही.

फिटनेसचे म्हणाल, तर तेथे चकाकीला गुण नाहीत. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तेव्हा हा खर्च "यंदा एकदा केला की झाले" असा नाही. ब्रेक, दिवे, धूर, वायपर, आरसे, वेग नियंत्रक, गंजून कमकुवत झालेला पत्रा आणि रिफ्लेक्टर पट्टी पाहिली जाते. रंग काढताना जुन्या पट्ट्या निघतील. समोर पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल अशी मान्यताप्राप्त पट्टी नव्याने लावावी लागेल. पैसे कमी पडलेच तर हौद्याचा रंग पुढच्या वर्षावर ढकला, ब्रेकचे काम ढकलू नका. निळ्याऐवजी भगवा रंग द्यायचा विचार आहे असे आपण लिहिले आहे, तो मात्र सोडावा. रंग बदलला की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि दारांच्या आतील कडा व केबिनचा आतला भागही रंगवावा लागत असल्याने सामान वाढते.

डाव्या दाराला गेल्या महिन्यात कोणीतरी धडक दिली, त्याचा विमा दावा करावा का, असेही आपण विचारले आहे. आपली पॉलिसी पॅकेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारी, असली तरी मालवाहू गाडीच्या पॉलिसीत बंपर, मडगार्ड, दिवे आणि रंगकाम यांचे संरक्षण आयएमटी-२३ ही जोडणी घेतलेली असेल तरच मिळते. ती आहे का, ते पॉलिसीच्या कागदावर पाहा. त्यातही दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि नो क्लेम बोनस जातो. एका दारासाठी हा दावा परवडणार नाही.

विक्रीच्या किमतीची आशा धरून हा खर्च करू नये. ४०७ घेणारा मुरलेला गिऱ्हाईक फ्रीजवरचा लोहचुंबक खिशात घालून येतो आणि जेथे तो चिकटत नाही तेथे पुट्टी किती जाड आहे ते ओळखतो. नवा कोरा रंग पाहून तो भाव वाढवत नाही, उलट गाडीखाली वाकून पाहतो. रंगाचा फायदा एवढाच की पत्रा आणखी काही वर्षे टिकेल. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षे होतील आणि वयाबरोबर फिटनेसची फीही वाढत जाते, म्हणून ही गाडी आणखी किमान तीन-चार वर्षे चालवायचा इरादा असेल तरच ७२,७२० खर्च करावेत. दोन वर्षांत विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर फक्त वेल्डिंग, प्रायमर आणि पट्टी एवढेच करून घ्यावे. ते तीस-पस्तीस हजारांत बसेल. करात सूट मिळेल म्हणूनही गॅरेजचे मोठे बिल करू नये. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गृहीत उत्पन्नाच्या योजनेत आपण विवरणपत्र भरता, आणि तेथे रंगाचा खर्च वेगळा वजा होत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. घरखर्च ३३,००० आहे, म्हणजे दीड लाखाची ठेव साडेचार महिने पुरते. एकाच गाडीवर घर चालते, तेव्हा उद्या क्लच किंवा इंजिनाचे काम निघाले तर तीच ठेव लागेल. ती मोडू नये. महिन्याला १२,००० शिल्लक राहतात असे आपण म्हणता. चार महिन्यांचे ४८,००० होतील, त्यातून गाडी उभी राहिल्याचे ९,००० वजा केले की ३९,००० हाती राहतील. कमी पडणाऱ्या ३३,७२० रुपयांसाठी ठेवीवरच बँकेकडून कर्ज घ्यावे. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो. साडेआठ टक्के धरले आणि तीन समान मासिक हप्त्यांत फेडले तर व्याज पाचशेच्या आत राहील. गॅरेज कुठून तरी फायनान्स करून देतो म्हणाले, तर नको म्हणा.

वेळापत्रक असे ठेवावे: दिवाळीच्या गर्दीत एकही फेरी बुडवू नये, दिवाळीनंतर खरवडण्याला हात घालावा, डिसेंबरात वेल्डिंग उरकावे आणि जानेवारीच्या मध्यात पाच दिवस गाडी फवारणीला द्यावी. कोरड्या हवेचे हेच महिने आहेत. फिटनेस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करून घेता आला तर मार्चपासून फळबाजारात हापूसची आवक वाढेल, तेव्हा गाडी मोकळी असेल. त्या फेऱ्यांचे भाडे भाजीपेक्षा बरे मिळत असेल, तर कर्जाचा शेवटचा हप्ता त्यातूनच भागवावा.