आधी कोणता राउट लिहायचा?

प्रश्न : मी नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि एक्सप्रेस (तिच्यावरचे वेब फ्रेमवर्क) वापरून पुस्तकांच्या नोंदींचे एक छोटे अ‍ॅप्लिकेशन लिहीत आहे. '/बुक्स/:आयडी' या राउटवर (म्हणजे पत्त्याच्या नमुन्यावर) एका पुस्तकाची माहिती मिळते. त्याच्या खाली, नव्या नोंदीच्या फॉर्मसाठी, मी '/बुक्स/न्यू' हा राउट लिहिला. परंतु तो पत्ता उघडला की फॉर्मऐवजी 'पुस्तक सापडले नाही' असा संदेश येतो. शिवाय काही वेळा ब्राउझर नुसताच फिरत राहतो आणि टर्मिनलवर एररही दिसत नाही. चूक कुठे असावी?

उत्तर : आपला दुसरा राउट अगदी बरोबर आहे, फक्त त्याच्यापर्यंत ब्राउझरची मागणी (रिक्वेस्ट) पोहोचतच नाही. एक्सप्रेस राउट ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने वरून खाली तपासत जाते आणि जो पहिला जुळेल त्याच्या हाती रिक्वेस्ट सोपवते. अधिक नेमका राउट कोणता, याचा विचार ते करत नाही. ':आयडी' म्हणजे केवळ आकडा, असे आपण मनात धरले आहे. एक्सप्रेसच्या लेखी तिथे पुढच्या तिरक्या रेघेपर्यंतचा कोणताही मजकूर चालतो, आणि 'न्यू' हाही मजकूरच आहे. पहिल्या राउटच्या हँडलरच्या (रिक्वेस्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) पहिल्याच ओळीत 'रिक्वेस्ट.पॅराम्स.आयडी' कन्सोलवर छापून पाहा, तिथे 'न्यू' उमटलेले दिसेल. म्हणजे आपला कोड डेटाबेसमध्ये 'न्यू' या क्रमांकाचे पुस्तक शोधत होता.

'/बुक्स/न्यू' हा राउट वर न्या, काम होईल. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत ':आयडी' पुढे कंसात रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारी खूण) लिहून फक्त आकडे स्वीकारता येत असत. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली आहे, म्हणून आकड्याची तपासणी हँडलरमध्येच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती तपासणी तशीही हवीच, कारण पत्त्यात काय लिहायचे हे वापरणाऱ्याच्या हातात असते.

क्रमाचा हाच नियम ४०४ च्या, म्हणजे 'पान सापडले नाही' असे सांगणाऱ्या, हँडलरलाही लागू होतो. तो सगळ्या राउटच्या खाली हवा, आणि एरर हाताळणारा मिडलवेअर (रिक्वेस्टच्या वाटेत मध्ये चालणारे फंक्शन) त्याच्याही खाली. या शेवटच्या फंक्शनला एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि नेक्स्ट असे चारही पॅरामीटर लिहावे लागतात. 'नेक्स्ट' आत वापरला नाही म्हणून तो गाळला, तर एक्सप्रेस त्या फंक्शनला साधा मिडलवेअर समजते, कारण ते पॅरामीटरच्या संख्येवरूनच ओळख पटवते.

फिरत राहणाऱ्या ब्राउझरचे कारण बहुधा वेगळे आहे. हँडलरने एक तर उत्तर पाठवावे किंवा 'नेक्स्ट()' म्हणून रिक्वेस्ट पुढे सोडावी. दोन्ही न करता फंक्शन संपले, तर एक्सप्रेसच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते, म्हणून एररही येत नाही, आणि ब्राउझर मात्र उत्तराची वाट पाहत बसतो. आपल्या 'इफ' च्या प्रत्येक फांदीवर बोट ठेवून पाहा: पुस्तक सापडले तर उत्तर जाते, पण आयडी चुकीच्या स्वरूपाचा असेल तर? तिथे बहुतेक नुसते 'रिटर्न' लिहिलेले सापडेल. त्याच्या आधी ४०० हा स्टेटस ('मागणी चुकीची आहे' असा संकेतांक) लावून संदेश पाठवा, आणि संदेश पाठवल्यावरही 'रिटर्न' ठेवाच. नाहीतर खालची ओळ दुसऱ्यांदा उत्तर पाठवू पाहील आणि हेडर (उत्तरासोबत जाणारी प्राथमिक माहिती) आधीच गेल्याची तक्रार टर्मिनलवर येईल.