यूपीएससी न देता, बँकेतनं थेट दिल्लीत सहसचिव?

मालक, तुम्ही विचारलंय की सोलापुरात सीए केलं, आता मुंबईत प्रायव्हेट बँकेत ट्रेझरीला (बँकेच्या पैशाची गुंतवणूक आणि खरेदी-विक्री बघणारं खातं) आहात, वय 34, तर परीक्षा न देता केंद्रात मोठ्या खुर्चीवर बसता येतं का. येतं की. फक्त तुमच्या प्रश्नाखाली वरच्या कमेंटींत काहींनी "वशिला लागतो" म्हणून विषयच मिटवलाय, तसं नाही ते.

रस्ता म्हणजे लॅटरल एन्ट्री, बाहेरच्या अनुभवी माणसाला करारावर थेट वरच्या पदावर घेणं. 2018 ला केंद्राने सहसचिवाच्या 10 जागा काढल्या, त्यात महसूल, वित्तीय सेवा, आर्थिक व्यवहार अशी आपल्या कामाची खाती होती, अर्ज सहा हजारांच्या वर आले आणि 2019 ला निवड झाली 9 जणांची. करार तीन वर्षांचा, फार तर पाच, तेव्हा पेन्शनबिन्शन डोक्यातनं काढा. मग ऑगस्ट 2024 ला 45 जागा आल्या, आरक्षण नाही म्हणून गदारोळ झाला आणि तीन दिवसांत जाहिरात मागे. तिच्यात सहसचिवाला 15 वर्षांचा अनुभव मागितलेला, संचालकाला 10, उपसचिवाला 7. तुम्ही उपसचिवाला बसताय, पण पुढची जाहिरात कधी येईल त्याच्यावर नोकरी टांगून ठेवू नका.

पगार कमी होणार हे सगळेच सांगतात. माझ्या मते खरी गोची तुमच्या डिमॅटची आहे, म्हणजे नावावरच्या शेअर-फंडांची, कारण खुर्चीवरनं घेतलेल्या निर्णयाचा त्यांना फायदा झाला असा संशय कुणीही घेतो. अमेरिकेचा हेन्री पॉलसन बघा, गोल्डमन सॅक्स या बड्या गुंतवणूक बँकेचा प्रमुख, 2006 ला अर्थमंत्री झाला तेव्हा कंपनीचे सुमारे 50 कोटी डॉलरचे शेअर विकून मोकळा झाला (तिथं पदासाठी विकावं लागलं तर कर पुढे ढकलता येतो, ही सोय भारी आहे). तरी 2008 च्या मंदीत सरकारने लेहमन ही गुंतवणूक बँक बुडू दिली, एआयजी या विमा कंपनीला वाचवलं आणि एआयजीतनं 12.9 अब्ज डॉलर गोल्डमनकडे गेले म्हटल्यावर लोक बोललेच. आपल्याकडं माधबी पुरी बुच, आयसीआयसीआय सिक्युरिटीजच्या प्रमुख होत्या, 2017 ला सेबीत (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) सदस्य आणि 2022 ला अध्यक्ष, खाजगी क्षेत्रातनं त्या खुर्चीवर पहिल्याच. 2024 ला हिंडेनबर्ग या अमेरिकी शॉर्टसेलर कंपनीने त्यांच्या आणि नवऱ्याच्या जुन्या गुंतवणुकीवर आरोप केले, त्यांनी ते फेटाळले, लोकपालनेही मे 2025 ला तक्रारी निकाली काढल्या, पण मधले महिने पेपरात काय काय छापून आलं ते तुम्हीही वाचलं असेल.

दुसरं म्हणजे फाइल. मी सरकारी बँकेतनं डेप्युटेशनवर दिल्लीत एका खात्यात होतो. तुमच्या डेस्कवर फोनवर डील झाली की झाली, इथं टिपणी खालनं निघते, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा संचालक करत सहसचिवाकडं येते आणि मग दुसऱ्या खात्याकडं मत मागायला जाते. एकदा सगळी आकडेमोड करून चांगली पाच पानी टिपणी पाठवली, तर परत येताना वर एकच ओळ, "पूर्वीचा दाखला जोडावा", म्हणजे आधी असं कधी केलं होतं का ते दाखवा. आकड्यांवर कुणी एक अक्षर बोललं नाही. मग जुन्या फायली उपसून दाखला शोधून दिला तो सेक्शनमधल्या एका सहायकाने, म्हणून जाल तिथं आधी सेक्शनशी गोड राहा, सचिव नंतर.

आत्ता एवढंच करा, तुमचे आणि वहिनींच्या नावावरचे शेअर, फंड, सगळ्याचा तारखेनिशी हिशेब लिहून ठेवा. आणि घरी इतक्यात बोलू नका, नायतर जुळे सोलापुरात उद्या सकाळी "पोरगा कलेक्टर झाला" म्हणून पेढे वाटून मोकळे होतील.