जुन्या कपाटावरचा ऑइल पेंट काढून परत पॉलिश करायचंय, घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की आजीचं कपाट आहे, वर चार-पाच थर ऑइल पेंटचे बसलेत, पेंटर म्हणाला कॉस्टिक सोडा लावून धुवा, आणि तुम्हाला पावसाच्या आधी काम उरकायचंय. घरी जमतंय की, नक्की जमतंय. पण तो कॉस्टिक सोडा तेवढा लावू नका.

मी बेळगावच्या शहापुरात राहतो. आमच्यात आजोबांच्या वेळचं सागवानी फडताळ होतं, दर दोन-तीन वर्षांनी गणपतीच्या आधी घराला रंग काढला की उरलेला डबा त्याच्यावर फिरायचा. मी असंच कुणीतरी सांगितलं म्हणून एका दाराला कॉस्टिक लावलं. रंग निघाला, पण सकाळी बघतो तर साग काळाकुट्ट पडलेला, आणि जुने सांधे सरस लावून केलेले असतात ते सुटून फळी हलायला लागली. लई वाईट वाटलं. ते दार आजपण बाकीच्यापेक्षा काळं दिसतंय.

म्हणून आधी लाकूड कुठलं ते बघा. दाराच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ, रुपयाएवढी जागा ब्लेडनं हळू खरवडा. आमच्याकडं निळ्याखाली पिस्ता, त्याखाली क्रीम, आणि सगळ्यात खाली तांबूस पापुद्रा लागला, त्यावर स्पिरिटचा बोळा ठेवला तर चिकट झाला, म्हणजे ती लाख, जुनं पॉलिश. असं लागलं तर तुमचं नशीब चांगलं, कारण लाकडाची छिद्रं आधीच बुजलेली असतात, वरचा रंग सोलून निघतो. पॉलिश नसताना थेट प्रायमर मारलेला असला तर रंग रेषारेषांत उतरलेला असतो आणि तो पूर्ण कधीच निघत नाही, मग परत रंगच द्यावा हे माझं स्पष्ट मत. साग असला तर तेलकट, चामड्यासारखा वास येतो. शिसव जड आणि जांभळट काळी. ओल्या फडक्यानं पुसल्यावर फडकं पिवळं झालं तर बिबळा असू शकतो, वखारीत त्याला होन्ने म्हणतात.

दुसरी गोष्ट शिशाची, हे मनावर घ्या. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असेल असंच धरून चालायचं. कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही, मशीन तर नाहीच, ब्लो लॅम्पनं जाळायचं पण नाही. पाणी शिंपडत ओलंच घासा, खाली प्लॅस्टिक पसरा, एन-९५ मास्क लावा, लहान मुलं आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. निघालेला रंग पिशवीत बांधून टाका, चुलीत घालू नका.

रंग काढायला हार्डवेअरच्या दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो. डब्यावर मिथिलीन क्लोराईड लिहिलंय का बघा, ते असलं तर उघड्या अंगणातच काम करा, कारण त्याच्या वाफेनं माणसं दगावलीत, अमेरिकेत २०१९ मध्ये त्याची घरगुती विक्रीच बंद केली. साधे हातमोजे त्याला टिकत नाहीत, दोन-तीन जोड जवळ ठेवा. ब्रशनं जाड थर एकाच दिशेनं लावायचा, परत परत फिरवायचा नाही, वर प्लॅस्टिकचा कागद झाकून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. रंगाला सुरकुत्या पडतात, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारख्या. तेव्हा रंग खरवडायच्या पत्रीचे कोपरे कानशीनं गोल करून घ्या आणि रेषेच्या दिशेनंच ओढा, नाहीतर ओरखडे पडतात आणि ते पॉलिशखाली जास्तच दिसतात. नक्षीत बांबूची काडी आणि जुना टूथब्रश. लोखंडी घासणी नको, तिचे कण ओल्या सागात अडकले की काळे डाग पडतात. शेवटी सगळं टर्पेंटाईननं दोनदा पुसा, रिमूव्हरमध्ये मेण असतं, ते राहिलं तर पॉलिश धरत नाही.

मग १२०, १८०, २२० नंबरचा पेपर, आणि लाख. एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे), काचेच्या बरणीत रात्रभर, लोखंडी डब्यात ठेवलं तर काळपट होतं. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून पातळ हात मारायचे, आठ-दहा तरी, मधे वाळू द्यायचं. विस्तवापासून लांब.

घाई मात्र करू नका. बेळगावात वळीव सुरू झाला की हवा दमट होते, लाखेवर पांढरट धुरकट थर येतो. मे मध्ये रंग खरवडून ठेवा, पॉलिश दिवाळीनंतर करा. कपाटाच्या वर पाण्याचे तांबे ठेवत असाल तर तेवढ्या फळीला लाख नको, गोल पांढरे डाग पडतात, तिथं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारा. आणि आतून कुणी जवसाचं तेल लावायला सांगितलं तर लावा, चांगलं असतं, पण त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, दोरीवर एकेक पसरून वाळवा.